वाचकांचे प्रश्न : पायथनमध्ये वीस गुणिले तीन म्हणजे दोन लाख दोन हजार वीस?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकू लागलेल्या मुंबईकर वाचकांची काही पत्रे या वेळी उत्तरांसाठी निवडली आहेत. पत्रे निरनिराळ्या विषयांवरची असली, तरी त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे संगणकाच्या हाती दिलेली गोष्ट आकडा आहे की अक्षरे, याकडे झालेले दुर्लक्ष. छपाईच्या सोयीसाठी पायथनच्या आज्ञा आणि सूत्रे येथे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना आज्ञा आणि सूत्रांतले अंक रोमन लिपीतच टंकावे लागतात, हे कृपया ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. वडापावच्या बिलाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने एका वडापावचा दर विचारला, मी २० टंकले आणि सूत्रात त्याला ३ ने गुणले. उत्तर ६० येण्याऐवजी २०२०२० आले आणि एररही दिसली नाही. माझे काय चुकले? (एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : गुणाकाराचे सूत्र बरोबर आहे, चूक त्याच्या आधीच्या ओळीत आहे. ‘इनपुट’ ही आज्ञा कळफलकावरून जे काही येईल ते अक्षरांची माळ म्हणूनच स्वीकारते, मग तुम्ही नाव टंकलेले असो वा दर. अशा माळेला पायथनमध्ये स्ट्रिंग म्हणतात. तुमच्या प्रोग्रामला मिळाले ते वीस नव्हते, तर ‘२’ आणि ‘०’ ही दोन चिन्हे शेजारी शेजारी मिळाली होती. स्ट्रिंगला पूर्णांकाने गुणले की पायथन ती तितक्या वेळा पुन्हा लिहितो, त्यामुळे ‘२०’ तीनदा लिहिले गेले. याच नियमाने ‘५’ आणि ‘७’ या दोन स्ट्रिंगची बेरीज १२ न होता ‘५७’ होते.

उपाय म्हणजे इनपुटभोवती ‘इंट’चे वेष्टन घालणे : दर = इंट(इनपुट("दर किती? ")). इंट त्या चिन्हांचा पूर्णांक करतो. दर साडेबारा रुपये असण्याची शक्यता असेल तर इंटऐवजी ‘फ्लोट’ वापरावे, कारण ‘१२.५’ ही स्ट्रिंग इंटला दिली तर तो ती नाकारतो. शंका आली की टाइप(दर) असे विचारावे. उत्तरात ‘एसटीआर’ दिसले तर ती स्ट्रिंग, ‘इंट’ दिसले तर पूर्णांक.

वडापावांची संख्याही तुम्ही इनपुटनेच घेतली असती, तर दोन स्ट्रिंगचा गुणाकार करता येत नाही म्हणून पायथनने ‘टाइपएरर’ देऊन काम थांबवले असते. माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने ते अधिक बरे. एरर आली की निदान आपण थबकतो. चुकीचे उत्तर मात्र सरळ पुढच्या हिशेबात शिरते. एररचा मजकूर लांबलचक दिसतो, पण तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असते, तर तिच्या वर कोणत्या ओळीवर गाडी अडली ते असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या थकबाकीची यादी एक्सेलमधून सीएसव्ही फाइल करून पायथनमध्ये वाचली. सर्वांत मोठी थकबाकी विचारली तर ९० रुपये असे उत्तर येते, प्रत्यक्षात एका सदनिकेची थकबाकी लाखाच्या वर आहे. (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुलुंड)

उत्तर : दुखणे परळच्या विद्यार्थिनीचेच आहे, फक्त फाइलच्या वाटेने आलेले. सीएसव्ही ही साधा मजकूर असलेली फाइल असते आणि पायथनचे ‘सीएसव्ही’ मोड्यूल (तयार आज्ञांचा संच) तिच्यातला प्रत्येक रकाना सहसा स्ट्रिंग म्हणूनच हाती देते. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी डावीकडून एकेका चिन्हाने होते. ‘९०’, ‘२५०’ आणि ‘१०००’ यांत पहिले चिन्ह ९ असलेली स्ट्रिंग सर्वांत मोठी ठरते. पुढे किती अंक आहेत हे पाहण्याची वेळच येत नाही. म्हणून तुलनेपूर्वी रकमेच्या रकान्याला इंट लावावे.

तसे केल्यावर बहुधा ‘व्हॅल्यूएरर’ येईल, कारण आपण रकमा १,२५,००० अशा स्वल्पविराम देऊन लिहितो आणि इंटला स्वल्पविराम चालत नाही. त्यासाठी रक्कम.रिप्लेस(",", "") असे लिहून आधी स्वल्पविराम काढावेत. रिकामा रकानाही हीच एरर देतो. तेथे शून्य धरायचे की ती सदनिका वगळायची, हा निर्णय कार्यकारिणीचा आहे, पायथनचा नाही.

पैशांच्या बाबतीत आणखी एक सांगणे आवश्यक आहे. फ्लोटचे दशांश संगणकात द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीने साठवले जातात आणि ०.१ सारखा साधा दशांश त्या पद्धतीत नेमका बसत नाही. ०.१ अधिक ०.२ विचारल्यास पायथन ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि मग ४ असे उत्तर देतो. ताळेबंद जुळवताना अशी शेपटे त्रास देतात. सगळ्या रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवाव्यात किंवा पायथनचे ‘डेसिमल’ मोड्यूल वापरावे. केवळ शे-दीडशे सदनिकांची बेरीज हवी असेल, तर मात्र एक्सेल पुरेसे आहे.

प्रश्न : रिक्षाच्या भाड्याचा प्रोग्राम मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याच्याकडे चालतो, माझ्याकडे ‘इंडेंटेशनएरर’ येते. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून एवढा हट्ट कशासाठी? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : अनेक भाषांत कोणत्या ओळी कोणत्या अटीखाली येतात हे महिरपी कंसांनी दाखवतात. पायथनमध्ये ते काम समासापासून सोडलेली जागा करते. पाठवापाठवीत ती जागा गळून पडली की ओळींचे नाते तुटते. तुमचा प्रोग्राम असा दिसायला हवा :

किमान = २६
दर = १७.१४
अंतर = फ्लोट(इनपुट("किती किलोमीटर? "))
इफ अंतर <= १.५:
    भाडे = किमान
एल्स:
    भाडे = राउंड(अंतर * दर)
प्रिंट(भाडे)

आकडे मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. दीडला १७.१४ ने गुणल्यास २५.७१ येतात, म्हणजे २६ हा आकडाही त्याच दराचा पूर्णांक आहे. पाच किलोमीटरला ८५.७० होतात आणि राउंड त्याचे ८६ करतो. प्रतीक्षेचे पैसे यात धरलेले नाहीत.

‘इफ’ म्हणजे जर आणि ‘एल्स’ म्हणजे नाहीतर. त्या दोन्ही ओळींच्या शेवटी विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह हवेच, आणि त्यांच्या ताब्यातली ओळ चार जागा आत सरकलेली हवी. शेवटची प्रिंटची ओळ समासाला लागून आहे, म्हणून अट खरी असो वा खोटी, भाडे छापले जाते. तीच ओळ चार जागा आत नेऊन पाहा : ती एल्सच्या ताब्यात जाईल, पाच किलोमीटरचे भाडे छापले जाईल आणि एका किलोमीटरला पडद्यावर काहीच येणार नाही, एररसुद्धा नाही. तेव्हा मोकळ्या जागेला येथे अर्थ आहे. पायथनच्या शैलीविषयक मार्गदर्शिकेत चार जागांची शिफारस आहे. कुठे टॅब आणि कुठे स्पेस अशी सरमिसळ केल्यास पायथन ३ बहुधा प्रोग्राम चालवण्याचेच नाकारतो. यापुढे मित्राकडून मजकूर न मागवता मूळ फाइलच मागवावी.

फ्लोट विसरलात तर ‘इफ’च्या ओळीवरच टाइपएरर येईल, कारण स्ट्रिंग आणि १.५ यांत लहान कोण हे पायथन ठरवत नाही. किमान आणि दर हे दोन व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारी नावे, मुद्दाम सर्वांत वर ठेवले आहेत. शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही. तेथल्या टॅक्सीसाठी फक्त त्या दोन ओळींत ३१ आणि २०.६६ घालावेत, बाकी काही बदलू नये. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतची पंचवीस टक्के वाढ तुम्ही स्वतः जोडून पाहा. मात्र पाच किलोमीटरला ८५.७० वर वाढ केली तर १०७.१२५ येतात आणि ८६ वर केली तर १०७.५०, तेव्हा आधी पूर्णांक की आधी वाढ, हा क्रम भाडेपत्रकाशी पडताळून घ्यावा. दुसरे असे की राउंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो : १०७.५ चे १०८ होतात, पण १०६.५ चे १०६. शाळेत शिकलेल्या नियमापेक्षा हे वेगळे आहे.

प्रश्न : पायथनमध्ये व्हेरिएबलची नावे मराठीत देता येतात का? आणि ‘मुंबई’ची लांबी विचारली तर तो ५ का सांगतो? अक्षरे तर तीनच आहेत. (एक सेवानिवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर : येतात. वरच्या प्रोग्राममधली ‘अंतर’, ‘दर’, ‘भाडे’ ही नावे जशीच्या तशी देवनागरीत ठेवून तो पायथन ३ मध्ये चालतो. इफ, प्रिंट यांसारखे पायथनचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच लागतात. अंकांची गंमत अशी की सूत्रात देवनागरी २० लिहिले तर पायथन ते चिन्ह अवैध ठरवतो. पण वापरणाऱ्याने इनपुटला उत्तर म्हणून देवनागरीत २० टंकले, तर इंट ते विनातक्रार वीस म्हणून वाचतो. मराठी दुकानदारासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला याचा उपयोग आहे.

लांबीचे म्हणाल, तर ‘लेन’ ही आज्ञा आपण उच्चारतो ती अक्षरे मोजत नाही, युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय प्रमाण पद्धतीतली, चिन्हे मोजते. म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी ती पाच होतात. ‘ठाणे’ची लांबी ४ येते, ‘परळ’ची मात्र ३, कारण त्यात काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. म्हणून देवनागरी शब्द उलटा करण्याचा किंवा मधोमध तोडण्याचा सराव करू नये. मात्रा मूळ अक्षरापासून सुटून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात.

प्रश्न : फोर्टच्या पदपथावरून पायथनचे एक जुने पुस्तक घेतले. त्यातला पहिलाच प्रोग्राम चालत नाही. (एक वाचक, भायखळा)

उत्तर : पुस्तक पायथन २ चे असावे. प्रिंटनंतर कंस नसतील, तर ती त्याची खूण. खिदो फान रॉसुम यांनी नेदरलंड्समध्ये घडवलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. फरक केवळ कंसांचा नाही. जुन्या आवृत्तीत ५ भागिले २ चे उत्तर २ येत असे, आता २.५ येते, पूर्णांक भागाकार हवा असल्यास दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. देवनागरी मजकूर हाताळणेही तेव्हा बरेच कटकटीचे होते. पुस्तक बाजूला ठेवा.

प्रश्न : घरी संगणक नाही. मोबाईलवर पायथन शिकता येईल का? (एक गृहिणी, विक्रोळी)

उत्तर : सुरुवातीपुरते येईल. पायथन मोफत आहे, आणि गुगल कोलॅबसारखी सोय ब्राउझरमध्येच चालते, त्यासाठी फक्त गुगलचे खाते लागते. मोबाईलच्या कळफलकावर चार जागा सोडणे आणि अवतरणचिन्हे देणे जिकिरीचे होते; शिवाय काही कळफलक सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह टाकतात आणि पायथन ते स्वीकारत नाही. कळफलकाच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करावी, आणि जमल्यास फोनला स्वतंत्र कळफलक जोडून घ्यावा.