कार्ड गावचे, दुखणे शहरातले

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे कुटुंब मूळचे परभणी जिल्ह्यातले असून ते पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. ताईंच्या यजमानांना डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे. केशरी कार्डावर, त्यातही परजिल्ह्यातल्या कार्डावर, मोफत उपचार होत नाहीत असे सांगून एका खासगी रुग्णालयाने त्यांच्याकडे अनामत रक्कम मागितली. रेशन दुकानदारही ‘तुमचे कार्ड इकडचे नाही’ म्हणून परत पाठवतो. दोन वर्षांच्या मुलीचे नाव कार्डावर अजून चढलेले नाही. मी नेमकी काय मदत करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुखणे हृदयाचे आहे, म्हणून आधी उपचारांचे पाहू. रुग्णालयात त्यांना जे सांगितले गेले ते चुकीचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार २०२४ मध्ये अमलात आला असून पिवळे, केशरी वा पांढरे असे कोणतेही कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते. कार्ड राज्यातल्या कोणत्या जिल्ह्याचे आहे, याने काही अडत नाही. मात्र रुग्णालय योजनेत समाविष्ट असले पाहिजे आणि तेही हृदयविकाराच्या उपचारांसाठी, कारण काही रुग्णालये मोजक्याच विभागांपुरती योजनेत असतात. १५५३८८ या निःशुल्क क्रमांकावर हे विचारता येते.

अशा प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेतर्फे रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो. पैसे भरण्याच्या खिडकीआधी तिथे जावे, कारण ही योजना रोकडविरहित आहे आणि आधी स्वतःहून भरलेली रक्कम नंतर योजनेतून परत मिळत नाही. शिधापत्रिका, रुग्णाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि आतापर्यंतचे तपासणी अहवाल सोबत ठेवा. आरोग्यमित्र नोंदणी करतो आणि रुग्णालय उपचारांसाठी योजनेची पूर्वमंजुरी मागवते. खाटेचे भाडे, औषधे, स्टेंट, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एस.टी. किंवा रेल्वेचे भाडेही मंजूर पॅकेजमध्ये धरलेले असते. छातीत दुखण्याचा जोर वाढला, तर कागदपत्रांची वाट पाहत बसू नका. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात.

धान्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळतेच असे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खाली ज्यांची ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून नोंद आहे, त्यांनाच माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तेव्हा कार्डाचा बारा अंकी क्रमांक घेऊन कुटुंब या यादीत आहे का, हे आधी पाहा. यादीत नाव असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे पुण्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. घरातली काही माणसे गावी असतील, तर त्यांनी आपला वाटा तिकडे उचलावा, उरलेला इकडे मिळतो. दुकानदाराने तरीही नकार दिला, तर दुकानाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि १९६७ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवा.

गावचे कार्ड रद्द करून पुण्यात नवे काढण्याचा सल्ला त्यांना कुणीतरी देईल. तो घाईने मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्रासाठी लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळू शकणाऱ्या माणसांची कमाल संख्या, सुमारे ७ कोटींवर ठरलेला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. गावच्या यादीतून बाहेर पडलेल्या कुटुंबाला शहराच्या यादीत जागा रिकामी होईपर्यंत ताटकळावे लागू शकते. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या माणसांना जुन्या आकड्यांपायी असे थांबवणे अन्यायाचे आहे, आणि जनगणना लांबत गेल्याची झळ सर्वांत जास्त त्यांनाच बसली आहे.

मुलीचे नाव चढवण्यासाठी तिचा जन्मदाखला आणि आधार जोडून गावच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागेल, आणि त्याची पोच न चुकता घ्यावी. तोवर तिला घराजवळच्या अंगणवाडीत दाखल करा. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना तिथे पूरक आहार मिळतो आणि त्यासाठी शिधापत्रिका लागत नाही.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचे कार्ड अंत्योदयाचे, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीचे, आहे. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही आणि दुकानदार धान्य देत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अंगठा उमटत नाही एवढ्यावरून धान्य नाकारता येत नाही, तशा स्पष्ट सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना दिलेल्या आहेत. डोळ्यांच्या बाहुलीवरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. अंत्योदय कुटुंबाला, त्यात एकच माणूस असला तरी, दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क आहे. तेव्हा आजींना आजवर ५ किलोच मिळत आले आहे का, तेही विचारून पाहा. आपण एकदा त्यांच्यासोबत दुकानात जा. तरीही धान्य मिळाले नाही, तर त्यांच्या वतीने तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा आणि तिची एक प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना द्या.