आधी ब्रेक, मग इंजिन : जुने ट्रक आणि लष्करी गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांचा टाटा 1210 ट्रक 7 वर्षांपासून शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. नव्या बॅटऱ्या जोडून सेल्फ मारला तर तो चालू होईल का? पुढे त्यावर टाकी बसवून उन्हाळ्यात पाण्याचा टँकर म्हणून वापरण्याचा विचार आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बॅटऱ्या आणण्याची घाई करू नये. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजामुळे लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या अस्तराला, धरून बसलेल्या असू शकतात. अशा इंजिनाला सेल्फचा हिसका दिला तर रिंग तुटते आणि लायनरवर ओरखडे उठतात. डिझेल फवारणारे सहाही नोझल काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते कुठेही न अडता पुरते दोन फेरे फिरले, तरच पुढचा विचार करावा.

टाकीतले जुने डिझेल गाळून वापरण्याचा मोह टाळावा. तळाशी पाणी साचलेले असते, आणि पाणी व डिझेल जेथे एकमेकांना टेकतात तेथे जंतूंची वाढ होऊन काळा, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकी उतरवून धुवावी, दोन्ही फिल्टर आणि रबरी नळ्या बदलाव्यात.

यापुढचा मुद्दा मात्र मी सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो बहुतेकांना अनुभव आल्यावरच कळतो. डिझेल पंपातली जी दातेरी पट्टी प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यायचे ते ठरवते, तिला कारागीर रॅक म्हणतात. पंप वर्षानुवर्षे पडून राहिला की आतले डिझेल डिंकासारखे घट्ट होते आणि रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकून बसू शकतो. उमेदवारीच्या काळात मी असे एक इंजिन चालू होताना पाहिले. ते पहिल्याच झटक्यात लागले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन-तीन सेकंदांत त्याचा आवाज इतका चढला की शेडचे पत्रे थरथरू लागले. बंद करण्याची वायर ओढली, तर ती मुळातून तुटून मिस्त्रींच्या हातात आली. चावी काढून काही उपयोग नसतो, कारण अशा इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज लागतच नाही. मिस्त्रींनी एअर क्लीनर आधीच काढून ठेवला होता. त्यांनी हवेच्या तोंडावर प्लायवूडची फळी दाबून धरली, तेव्हा ते गुदमरून थांबले. आपणही पहिल्यांदा चालू करताना अशी सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करावा. तेथे हात किंवा गोणपाट लावू नये, इंजिन ते आत ओढते.

जुन्या पंपांपैकी काहींना व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, असतो व त्यात चामड्याचा पडदा असतो. तो वाळून फाटला तरीही नेमके हेच घडते. तपासणी सोपी आहे : इंजिन बंद असताना रॅक बंदच्या बाजूला ओढून धरावा, गव्हर्नरच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि रॅक सोडावा. तो लगेच परत धावला, तर पडदा गेला असे समजावे. एकूणच, पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर तपासून घेतल्याशिवाय इंजिन चालू न करणे उत्तम. नोझलची फवारणी पाहण्यासाठी समोर हात धरण्याची काही ठिकाणी सवय आहे. तो फवारा कातडीतून आत शिरतो आणि बोट गमावण्याची वेळ येते.

इंजिन लागेपर्यंत ब्रेकचे काम पूर्ण झालेले असावे, नंतर नव्हे. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. टायर सपाट झाले असतील तर चाक गाडीवर असतानाच त्यात हवा भरू नये. लॉक रिंगच्या चाकातली, टायर जागेवर धरणारी रिंग गंजून खाचेतून सुटलेली असली, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर येते. चाक उतरवून, रिंग नीट बसवून, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून आणि लांब पाइपने दूर उभे राहूनच हवा भरून घ्यावी.

टँकरविषयी थोडक्यात. 1210 मधला 12 हा आकडा गाडीच्या भारासह एकूण वजनाचा, म्हणजे 12 टनांचा आहे आणि 10 हा साधारण 100 अश्वशक्तीचा. रिकाम्या टाकीसह गाडी काट्यावर 5 टन भरली, तर पाणी 7,000 लिटरपेक्षा अधिक घेता येणार नाही, आणि आरसी बुकात त्याहून कमी भार लिहिलेला असल्यास तोच आकडा मानावा. टाकीच्या आत भोके पाडलेले आडवे पडदे अवश्य घालावेत. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण घाटाच्या वळणावर आतले पाणीच गाडीला ढकलते. टाकी बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावी.

प्रश्न : लष्कराच्या लिलावातली एक जोंगा मला मिळते आहे. तिचे पेट्रोलचे इंजिन फार पिते, म्हणून त्याऐवजी ट्रकचे जुने डिझेल इंजिन बसवावे असे गॅरेजवाले सुचवतात. बसवावे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : माझे मत विचाराल तर बसवू नये. जोंगा ही जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निस्सानच्या परवान्याने तयार झालेली गाडी. तिचे सुमारे 4 लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन पेट्रोल पिते यात शंका नाही, परंतु तिची सगळी मांडणी त्या इंजिनाच्या वेगावर बेतलेली आहे. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांवर गाडी ताशी 90 किलोमीटरने नेत असेल आणि ट्रकचे इंजिन 2,400 फेऱ्यांवरच थांबत असेल, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दात्यांची जोडी, तीच ठेवून आपली गाडी 60 च्या पुढे जाणार नाही. शिवाय जड इंजिनामुळे पुढचे पाटे बसतात, आणि थरथरीने चेसिसवरच्या माउंटिंगला तडे जातात.

गॅरेजमध्ये हमखास विसरली जाणारी गोष्ट ब्रेकची आहे. आपल्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, असल्यास त्याला पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांतून, व्हॅक्यूम मिळतो. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, आणि पहिल्या उत्तरातल्या गव्हर्नरपुरता मिळणारा व्हॅक्यूम बूस्टरला पुरत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. तो न बसवता डिझेल केलेली गाडी सपाटीवर चाचणीत बरी वाटते आणि उतारावर पेडल दगडासारखे लागते.

कायद्याचा मुद्दाही आहेच. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पाहता, उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल मान्य होणे अवघड आहे. पैसे देण्याआधी लिलावाची मूळ कागदपत्रे हातात घ्यावीत आणि त्यांवरचे चेसिस व इंजिन क्रमांक धातूवर ठोकलेल्या अंकांशी स्वतः, खरवडून आणि पुसून, ताडून पाहावेत. मूळ इंजिनाचा कार्बोरेटर आणि इग्निशन नीट जुळवून घेतले, तरी पिण्यात फरक दिसेल.

प्रश्न : माझ्या जुन्या लष्करी ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत. त्यांपैकी एकीवरून 12 व्होल्टचा गाण्यांचा टेप जोडल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी तीच बॅटरी बसते. दोष बॅटरीचा आहे काय?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही, जोडणीचा आहे. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट मिळतात आणि चार्जिंगही दोघींना मिळून एकत्रच होते. टेप एकीलाच रिकामी करतो. मग ती नेहमी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून फ्यूज घालून जोडावा. खराब झालेली एकच बॅटरी न बदलता दोन्ही एकाच वेळी आणि एकाच क्षमतेच्या घ्याव्यात.