अलिबागकडच्या आमच्या गावच्या ज्यू कबरस्तानात वडिलांचं स्मारक बांधायचंय. कसं बांधावं आणि मेणबत्ती कधी लावावी?

मेणबत्तीचं सोपं आहे. वर्षाचा दिवस, म्हणजे पुण्यतिथी, इब्री (हिब्रू) पंचांगाच्या तारखेने धरा, इंग्रजी नव्हे. दिवा आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत लावायचा, तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जळला पाहिजे. ती संध्याकाळ शुक्रवारची आली तर हा दिवा आधी, शब्बाथचे (शनिवारच्या विसाव्याचे, तो शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो) नंतर. झालं.

स्मारकाचं विचारलंत ते नेमकं दुखरं निघालं.

आमच्या बाबांना गावीच, आजोबांच्या शेजारी ठेवलंय. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. म्हणून ‘दगडाचं मी बघतो’ म्हणत इस्रायलमधल्या अश्दोदचा आत्तेभाऊ, आमचा दादा, पुढे झाला. काळा ग्रॅनाइट, त्यावर लेझरने बाबांचा फोटो आणि मजकूर फक्त हिब्रूत. फोटो मी पहिल्याच फोनवर उडवला, कबरीवर चेहरे लावायची आमच्या घरात रीत नाही. मजकुरावरून मात्र दोन महिने बोलणं बंद. दादा म्हणे, "पोरांना मराठी कुठे वाचता येतं?" अरे, पण बाबा तेफिल्ला (प्रार्थना) हिब्रूत वाचायचे आणि त्यांना कळायची मराठीतून. १८७४ साली पुण्यात हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली तीही मराठी अर्थासकट. आपल्या लोकांनी तोरा या धर्मग्रंथातल्या गोष्टींची कीर्तनं केली ती काय हिब्रूत? नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना त्यांनी तिथेच पुरलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या उंचवट्यांखाली कोण आहे ते आज एकालाही सांगता येत नाही. आमच्या कबरस्तानातलं पावसाळ्यानंतरचं गवत काढतो तो गावातलाच एक आगरी काका. त्याला वाचता येईल असंच नाव हवं. अश्दोदची पोरं दहा वर्षांतून एकदा येणार, तीही दुपारच्या बोटीने परत जाणार.

शेवटी दोन्ही भाषा कोरल्या. दगड बसवला त्या दिवशी पुरुष जमले सहा. दहा नाहीत म्हणजे मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारी संख्या) नाही, मिन्यान नाही म्हणजे कद्दिश, मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, नाही. दादा घड्याळ बघत उभा. मग मीच पुढे होऊन १२१वं स्तोत्र वाचलं, मराठीत. कुणी अडवलं नाही. दादाने तिकडून आणलेल्या पत्र्याच्या डबीतल्या चोवीस तासांच्या मेणबत्त्या खाडीच्या वाऱ्यावर टिकेनात, अर्धी काडेपेटी संपली. मी आईसारखं केलं: काचेचा ग्लास, अर्धं पाणी, वर दोन बोटं खोबरेल, बुचाच्या चकतीत ओवलेली कापसाची वात. काकांनी घरून कंदिलाची काच आणून वर ठेवली, तेव्हा ज्योत सरळ झाली.

म्हणून, खाली जांभ्याचा चौथरा करा आणि दिव्यासाठी कोनाडा ठेवा, त्याचं तोंड समुद्राकडे नको. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसती रंगवलेली दोन पावसाळे टिकत नाहीत. फुलांपेक्षा खडा ठेवा. आणि मराठी कोराच.

हो, एक राहिलं. बऱ्याच घरांत दिवा फक्त घरी लावतात, कबरीवर नाही. तुमच्या मशिदीतल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या, हझानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारून घ्या, मी काही अधिकारी नव्हे. जमीन कुणाच्या नावावर आहे तेही आधी बघा, आमचे चार महिने त्यातच गेले.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर ऐक. कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. मराठीचे मी भरलेत, तुझ्या हिशोबात धरू नकोस.