१२८ जीबीसाठी चार स्टिक लावल्या तर रॅम ६००० वर का चालत नाही? रॅम खराब आहे का?

तुमची रॅम बहुतेक ठणठणीत आहे. तुमची मांडणी अशी: एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, ३२ जीबीच्या दोन स्टिकचं ६००० चं किट आधीपासून, आता तसंच दुसरं. चारही लावून एक्स्पो (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारं तयार सेटिंग) चालू केलं की स्क्रीन काळी, बंद केलं की ३६०० वर चालू. एएमडीच्या तक्त्यात या पिढीसाठी दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० एवढाच वेग दिलाय. पाकिटावरचं ६००० त्या एका जोडीपुरतं असतं. दोन वेगळी किटं एकत्र तपासलेली नसतात.

अडतं ते प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरपाशी. ३२ जीबीच्या स्टिकवर सहसा दोन रँक (एकत्र वापरले जाणारे चिपचे गट) असतात, म्हणजे तुमच्या प्रत्येक चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांपैकी एकीवर) चार. त्यात एकाच चॅनलवर दोन स्टिक बसल्या की सिग्नल आणखी गढूळ होतो. महागडी स्टिक आणून हे सुटत नाही.

आधी एक बघा: काळी स्क्रीन दिसल्यावर किती वेळ थांबलात? सेटिंग बदलल्यावर पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, आणि १२८ जीबीला त्यात कित्येक मिनिटं जातात. बरेच जण मध्येच बटण दाबतात आणि बोर्डाला दोष देतात.

थांबूनही चालू झालं नाही, तर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, एक्स्पो ठेवा, पण वेग हाताने ४८०० वर आणा. टायमिंगला (रॅमच्या प्रतिसादाच्या वेळांना) हात लावू नका. स्थिर वाटलं तर ५२००, मग ५६००. त्यापुढचं नशिबावर. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारं) १.३ व्होल्टच्या वर नको. २०२३ मध्ये प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने हीच मर्यादा घातली.

आणि खरं सांगायचं तर ६००० चा हट्ट कशाला? कागदावर ३६०० ला सेकंदाला ५७.६ जीबी, ५२०० ला ८३.२ आणि ६००० ला ९६ जीबी. पण तुमचं काम ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि व्हर्च्युअल मशीनचं. तिथे सीन रॅममध्ये मावला की निम्मी लढाई जिंकली. माझ्या मते ५२०० स्थिर मिळालं तर तिथेच थांबावं.

तपासणीत मात्र कंजुषी नको. सुरू करण्याआधी बॅकअप घ्या, कारण डळमळीत रॅम चुपचाप चुकीचा डेटा डिस्कवर लिहिते. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. मोफत आवृत्तीत चार पास (पूर्ण फेऱ्या) मिळतात आणि १२८ जीबीला तेही फार वेळ खातात. ते निर्विघ्न झालं म्हणजे अर्धंच काम झालं. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा कारहू हे रॅम तपासणारे प्रोग्राम, आणि शेवटी वाय-क्रंचर हा जड गणितं करणारा प्रोग्राम, कारण ते कंट्रोलरला घाम फोडतं. एक जरी एरर आली तरी नापास, एक पायरी खाली या. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका सुधारण्याची सोय) असतंच ना’ असं कोणी म्हणेल. ते चिपच्या आतल्या चुका सुधारतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही.

उष्णता विसरू नका. चार स्टिक चिकटून बसतात, व्होल्टेजचं नियंत्रणही स्टिकवरच होतं, वर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा. म्हणून तपासताना ग्राफिक्स कार्डावरही भार टाका आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान बघत राहा. टीआरईएफआय (रॅमचा चार्ज ताजा करण्यातलं अंतर) वाढवून वेग काढणाऱ्यांनी तर जास्तच, कारण तापलेल्या सेलमधला चार्ज लवकर गळतो आणि तुम्ही त्याला उशिरा ताजा करत असता. मी नागपूरचा, डिसेंबरात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासल्याशिवाय मानत नाही.

दुसरं किट अजून परत होत असेल, तर करा. पहिलं विकून ६४ जीबीच्या दोन स्टिक घ्या: तेवढेच १२८ जीबी, चॅनलवर दोनच रँक. फक्त बोर्डाच्या कंपनीच्या यादीत ६४ जीबीची स्टिक आणि त्यासाठी लागणारा बायोस आहे का ते घेण्याआधी बघा. ९६ जीबी पुरत असेल तर ४८ च्या दोन घ्या, त्या बसवणं सोपं.