'कशावरून?' हे मी त्या वर्षी विचारलं नाही

तुमचा प्रश्न असा आहे : विज्ञान पुढं जायचं तर मान्य झालेल्या गोष्टींवर शंका घ्यावी लागते म्हणतात. माझा चुलत भाऊ लसीपासून भूकंपापर्यंत सगळ्यालाच 'मला पटत नाही' म्हणतो आणि यालाच वैज्ञानिक दृष्टी म्हणतात असं सांगतो. त्याचं बरोबर आहे का?

मी औसा तालुक्यातल्या एका गावात तीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही, म्हणून आधी घडलेलं सांगतो.

ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी आणि आसपासच्या गावांत जमिनीखालून गडगड ऐकू यायला लागली. भांडी थरथरायची, कुत्री भुंकायची. ऑक्टोबरात एक धक्का तर चारच्या आसपास तीव्रतेचा होता. लोक अंगणात झोपायला लागले. त्याच दिवसांत मी नववीला भारताची प्राकृतिक रचना शिकवत होतो. दख्खनचं पठार हा प्राचीन, स्थिर भूभाग आहे, भूकंप हिमालयाच्या पट्ट्यात होतात, असं सांगत असताना एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग रात्री आमच्या उतरंडी का वाजायल्यात?"

मी म्हणालो, "किरकोळ धक्के आहेत. आपला भाग स्थिर आहे, काही होत नाही." पोरं गप्प बसली. सरांनी पुस्तकातलं सांगितल्यावर पोरं गप्पच बसतात.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून घरात झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळपास दहा हजार माणसं गेली. ती मुलगी वाचली. तिची आजी गेली.

मला अनेक वर्षं वाटायचं की पुस्तक खोटं होतं. नंतर वाचत गेलो तसं कळलं की तेही खरं नाही. पठार प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, सीमेपासून लांब आहे, इथं मोठे भूकंप फार क्वचित होतात, हे आजही बरोबरच आहे. संशोधकांच्या लिखाणात शब्द होता 'तुलनेने स्थिर'. पाठ्यपुस्तकापर्यंत येताना त्यातलं 'तुलनेने' गळालं, आणि माझ्या तोंडून बाहेर पडताना त्याचं 'काही होत नाही' झालं. क्वचितचं कधीच नाही झालं, आणि तो शेवटचा टप्पा माझा होता.

मी त्या दिवशी एकच गोष्ट विचारायला हवी होती : कशावरून? हा भाग स्थिर आहे हे कशावरून ठरवलं? उत्तर शोधलं असतं तर समजलं असतं की १९८४ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्यात होता, आणि असे नकाशे मुख्यतः माहीत असलेल्या जुन्या भूकंपांच्या नोंदींवर काढले जात. नोंदी किती जुन्या? काही शतकांच्या. जिथं ताण इतका हळू साठतो की दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षं जाऊ शकतात, तिथं काही शतकांची वही कोरी असणं म्हणजे धोका नाही असं होत नाही. वही पुरेशी जुनी नाही, एवढंच त्यातून कळतं.

एवढं कळूनही मी भूकंप येणार असं सांगू शकलो नसतो, हेही स्पष्ट लिहितो. अशा बारीक धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा तशाच विरून जातात. पण "सर्वांना माहीत आहे" आणि "कुणी मोजलेलं आहे" यांतला फरक तरी पोरांना सांगितला असता.

कोयनेचा भूकंप तर किल्लारीच्या जवळपास २६ वर्षं आधी झाला होता, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, याच दख्खनच्या दगडावर. तेव्हाच स्थिर पठाराच्या कल्पनेला तडा जायला हवा होता. पण कोयनेला धरण होतं. पाणी साठवल्यानं तिथला भूकंप चाळवला हे स्पष्टीकरण पुढं आलं, ते भक्कमही आहे, आणि जगभर त्याचा अभ्यास होतो. त्या भागाचा धोका नकाशात वाढवला गेला. माझ्या मते झालं असं, की कोयनेला कारण सापडल्यामुळं बाकीचं पठार पुन्हा निर्धास्त झालं. चांगलं स्पष्टीकरणसुद्धा कधी कधी पुढचा प्रश्न झाकून टाकतं. किल्लारीनंतरही बोट लगेच माकणीच्या तेरणा धरणाकडं गेलं. काही संशोधकांनी ती शक्यता मांडली, इतरांनी ती नाकारली, दोघांनीही आकडे समोर ठेवून. वाद असावा तर असा.

मग खऱ्या अर्थानं शंका घेणाऱ्यांनी काय केलं? ते जमिनीकडं गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे ३३८ मीटर काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, मग गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली कोट्यवधी वर्षं जुना मूळ खडक. ज्या काळ्या कातळावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विसंबलो तो वरचं झाकण निघाला. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन हे तेरला गेले. हो, गोरोबाकाकांचं तेर, तेरणेच्या काठचं. तिथल्या प्राचीन वसाहतीच्या थरांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचं त्यांनी मांडलं. ज्या भागाला भूकंप माहीत नाही म्हणून मी शिकवलं, त्याच्या पोटात त्या खुणा होत्या. तेरच्या वस्तुसंग्रहालयात मी किती सहली नेल्या, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. नकाशाच्या २००२ च्या सुधारणेत आमचा भाग झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात आला.

आणखी एक मान्य गोष्ट होती, पुस्तकातली नव्हे, गावातली : भिंत जितकी रुंद, तितकं घर पक्कं. आमची माळवदं तुम्ही पाहिली असतील. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू लागलं की दरवर्षी त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात गार, चोराला अभेद्य, त्यामुळं पक्कं हे सगळ्यांना दिसतच होतं. पण ती भिंत एक नव्हतीच. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये खडी-माती भरलेली, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते. हादरा बसला की दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि वरची टनावारी माती खाली आली. माणसं जास्त करून त्याखाली गेली.

त्यानंतर लोकांनी दगडावरचाच विश्वास काढून घेतला. ५२ गावांचं पुनर्वसन झालं. नव्या गावात राहायला गेलेले माझे शेजारी दगडी भिंतीच्या सावलीलासुद्धा बसेनात. त्यांचं दुःख मला समजतं, पण दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. आरपार दगड आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवटाळणारा सलग पट्टा असेल तर दगडी घरही बरंच टिकतं. शंका नेमक्या सांध्यावर घ्यावी लागते, नाहीतर एक चूक टाकून आपण दुसरी उचलतो.

हेच लोणारला दिसतं. ते बुलढाण्यात, पण जालन्याच्या शिवेला लागून, म्हणून आमचंही. बेसाल्टमधला खड्डा म्हणजे ज्वालामुखीचाच असणार, हे मत बराच काळ चाललं. तळात छिद्रं घेऊन काढलेल्या नमुन्यांत प्रचंड दाबानं काच झालेलं खनिज सापडलं आणि १९७३ मध्ये खड्डा अशनीच्या आघाताचा असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. पुढं वय सुमारे पन्नास हजार वर्षं धरलं गेलं, तेही २०११ च्या सुमाराला नव्या मोजणीनं साडेपाच लाखांच्या पुढं गेलं. वय बदललं, आघात मात्र तसाच राहिला. एक आकडा चुकला म्हणून सगळं खोटं असं तिथं कुणी म्हटलं नाही.

आता तुमचे भाऊ. त्यांनी लसीवर शंका घेऊ नये असं मी म्हणणार नाही, कारण लसीवर सर्वांत चिवट शंका तिची तपासणी करणारेच घेतात. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची एक लस मंजूर झाली. मंजुरीनंतरच्या नोंदी पाहताना काही बाळांत आतड्यात आतडं शिरण्याचे प्रकार दिसले, आणि १९९९ मध्ये ती मागं घेतली गेली. पुढच्या दोन लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, कारण एवढी दुर्मीळ गोष्ट थोड्या बाळांत दिसलीच नसती. ज्यांनी ही शंका घेतली त्यांनी एकेक केस मोजली. भावांना विचारा, तुम्ही काय मोजलंय? काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? उत्तर "काहीही दाखवा, मला पटणार नाही" असं असेल तर १९९२ साली वर्गात मी जिथं उभा होतो तिथंच ते आज उभे आहेत, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला आहे. मलाही पुरावा बघायचा नव्हता.

अजून एक विचारा. बोअर घेताना तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला ते हाच प्रश्न विचारतात का? आमच्याकडं पाणी लागलं तर पाणाड्याचं कौतुक, कोरडं गेलं तर नशीब. कोरड्या बोअरची नोंद कुणीच ठेवत नाही. माझ्या शेतात मी एकाला जागा दाखवायला लावली, मग डोळे बांधून परत त्याच रानातून फिरवलं. दुसऱ्यांदा नारळ भलतीकडंच उभा राहिला. वडील माझ्यावर आठवडाभर रागावले होते. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, ते बघायचं असेल तर भूजल यंत्रणेच्या माणसाला बोलवावं.

हिंगोलीकडं, वसमत-कळमनुरीच्या पट्ट्यात, गेली काही वर्षं पुन्हा जमिनीतून आवाज येतात. मार्च २०२४ मध्ये तिथं ४.५ चा धक्का बसला. त्यानंतर फोनवर निरोप फिरतात, आज रात्री दोनला मोठा येणार. भूकंपाची तारीख-वेळ सांगता येण्याची रीत आज जगात कुणाकडंच नाही. जे लोक झोनच्या नकाशाला 'पटत नाही' म्हणतात, तेच हे निरोप पुढं पाठवताना मी पाहिलेत.

उतरंडीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. मागच्या वर्षी तिनं फोन केला. घरावर खोली काढत होती आणि मिस्त्री म्हणत होता, खिडक्यांवरून सलग पट्ट्याचा खर्च कशाला, इतक्या वर्षांत काही झालं का? मी गेलो. त्याला तेरबद्दल, नकाशाबद्दल, जुन्या भिंतींच्या सुटलेल्या थरांबद्दल सांगितलं. त्यानं बऱ्याच शंका काढल्या, चांगल्या होत्या, काहींवर मला कागद घेऊन बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी सळई आली आणि पट्टा ओतला.