विंडोज ११ चं नवीन मशीन घेतल्यावर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सिरियल वजनकाटा चालेल का?

दादरच्या दुकानात बिलांना एप्सनचा एलएक्स-३०० प्रिंटर आणि सिरियलवाला वजनकाटा आहे, नव्या मशीनला पॅरलल (प्रिंटरचा) आणि सिरियल (काट्याचा) हे दोन्ही पोर्ट नाहीत, म्हणून विकणारा सगळंच बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. बदलू नका. धडधाकट प्रिंटर भंगारात घालण्यासारखं यात काहीच नाही. आधी एक बघा: बिलाचा प्रोग्रॅम कसा आहे?

साधा विंडोजचा असेल तर लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-टू-पॅरलल केबल आणा. प्रिंटरकडचं टोक ३६ पिनांचं हवं. २५ पिनांचीही मिळते, ती प्रिंटरला थेट बसत नाही. केबल लावली की ‘यूएसबी००१’ पोर्ट तयार होतो. ड्रायव्हर टाकताना तो निवडा, एलपीटी१ (जुन्या पॅरलल पोर्टचं नाव) नव्हे. इंग्रजी बिलांना विंडोजमधला ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर पुरतो. मराठी नावं छापायची असतील तर नाही पुरत, कारण देवनागरी अक्षरं प्रिंटरकडे चित्र म्हणून जावी लागतात आणि हा ड्रायव्हर चित्र पाठवतच नाही. त्यासाठी एप्सनचा ६४-बिट ड्रायव्हर लागेल.

प्रोग्रॅम ३२-बिटचा, पण छपाई थेट एलपीटी१ वर टाकणारा असेल (व्हिज्युअल फॉक्सप्रोत बनवलेले बरेच असे असतात), तर केबल लावूनही कागद हलत नाही. प्रोग्रॅम एलपीटी१ शोधतोय आणि प्रिंटर बसलाय यूएसबी००१ वर. प्रिंटर छोट्या नावाने शेअर करा, समजा ‘बिल’. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत टाका: नेट यूज एलपीटी१: \\मशीनचं नाव\बिल /पर्सिस्टंट:यस. हे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने करू नका, नाहीतर जोडणी तुमच्या नेहमीच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. सगळे इथेच अडकतात.

अस्सल डॉसचा १६-बिट प्रोग्रॅम मात्र विंडोज ११ वर उघडतच नाही, कारण ही सिस्टिम फक्त ६४-बिट आहे. तो ‘व्हीडॉस’मध्ये (विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवा, एलपीटी१ वर जाणारी छपाई ते विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतं. आधी डेटाची कॉपी काढून ठेवा. प्रोग्रॅमला पॅरलल पोर्टवरचं हार्डवेअर लॉक (ज्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही असा छोटा प्लग) असेल तर थांबा: ही केबल फक्त प्रिंटरसाठी असते, लॉक त्यावर ओळखलं जात नाही.

वजनकाट्याला यूएसबी-टू-सिरियल केबल घ्या, एफटीडीआय चिपची. स्वस्तातल्या प्रोलिफिक पीएल२३०३ च्या जुन्या किंवा नकली चिपा नव्या ड्रायव्हरवर ‘कोड १०’ ही एरर दाखवून बंद पडतात. जुनं मशीन काढण्याआधी त्यावरचा काट्याचा कॉम नंबर (सिरियल पोर्टचा क्रमांक), बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) कागदावर उतरवून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड उघडून नव्या केबलला तोच कॉम नंबर द्या. कित्येक जुने प्रोग्रॅम कॉम४ च्या पुढे बघतच नाहीत. केबल कायम त्याच यूएसबी सॉकेटला ठेवा. सॉकेट बदललं की बऱ्याच केबलींचा नंबरही बदलतो आणि काटा अचानक गप्प होतो.