वळवाचा ढग रंगवताना आधी तळ ठरवा

तुमचा प्रश्न असा की सिंहगडामागे मे महिन्यातला वळवाचा ढग रंगवला, ढगांचे तयार डिजिटल ब्रश वापरले, फोटोही समोर होता, तरी ढग गादीतून निघालेल्या कापसासारखा का दिसतोय. चित्र मोठं करून दोन-तीनदा पाहिलं. कातळाचे थर, वाळलेलं गवत, बुरुजावरचं ऊन सुरेख उतरलंय. हात तयार आहे तुमचा. चुकलंय ते ढग नेमका किती उंच आणि आपल्यापासून किती लांब आहे, याचं गणित.

ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलाय, म्हणजे हा क्युम्युलोनिंबस, गडगडाटी पावसाचा ढग. पण त्याचा काळा तळ गडाच्या डोक्यावरच टेकलाय. असा ढग डोक्यावर आला की आपल्याला नुसता काळवंडलेला तळ दिसतो, माथा दिसूच शकत नाही. तळापासून ऐरणीपर्यंत सगळा ढग एका नजरेत मावायचा तर तो ३०-४० किलोमीटर लांब हवा. जमिनीपासून १२ किलोमीटर उंच माथ्याचा ढग ४० किलोमीटरवरून क्षितिजाच्या वर जेमतेम १७ अंश चढतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे पावणेदोन मुठी. आभाळभर पसरलेला वाटणारा ढग खरं तर एवढाच असतो.

मला ढग जमायला लागले ते तळाची उंची कशी ठरते हे कळल्यावर. जमिनीलगतची हवा तापून वर चढते, चढताना थंड होते, आणि एका ठरावीक उंचीला तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. म्हणून आसपासच्या सगळ्या क्युम्युलस, म्हणजे फुगीर ढिगांसारख्या ढगांचे तळ एकाच पातळीवर, सुरीने कापल्यासारखे सपाट. ठोकताळा सोपा आहे: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात ते) यांत जेवढ्या अंशांचा फरक, तेवढे गुणिले १२५ मीटर. मे महिन्यातल्या पुण्यातल्या दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १८ धरा. फरक २०, म्हणजे तळ जमिनीपासून २,५०० मीटरवर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, सिंहगड १,३०० च्या आसपास. म्हणजे ढगाचा तळ गडाच्या माथ्यापेक्षाही दीड किलोमीटरहून जास्त वर. आता जुलै घ्या: २७ आणि २२, फरक ५, तळ सव्वासहाशे मीटरवर. गडाचा माथा सरळ ढगात. पावसाळ्यात गड ढगात हरवतो आणि मे महिन्यात उघडा राहतो, याचं कारण हे. तुम्ही ढग मे महिन्याचा काढलात आणि त्याचा तळ जुलैचा ठेवलात.

तळ एका पातळीवर असले की पर्स्पेक्टिव्हही आपोआप सुटतं. २,५०० मीटरवरचा तळ १० किलोमीटर अंतरावर १४ अंशांवर दिसतो, २० वर ७ अंशांवर, ४० वर साडेतीनवर. म्हणून क्षितिजाकडे जाताना तळांच्या रेघा एकमेकींजवळ येत जातात आणि ढगांमधली निळी फट बुजत जाते. रंग भरण्याआधी एका लेयरवर या आडव्या रेघा मारून ठेवा.

कडा हा दुसरा मुद्दा, आणि तयार ब्रश इथेच दगा देतात. ते ढगाची प्रत्येक कड सारखीच पिंजतात. वाढत्या ढगाचे कोंब पाण्याच्या थेंबांचे असतात, त्यांची कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नेटकी, टणक. तिथे साधा हार्ड राउंड, म्हणजे टणक कडेचा गोल ब्रशच हवा: आधी दोन-तीन मोठे फुगवटे, त्यांवर मधले, आणि बारीक फुगवटे फक्त जिथे ढग आत्ता वर उसळतोय तिथे. माथ्यावर थेंबांचं बर्फ झालं की फुगवटे विरतात आणि तंतू उरतात. ऐरणीसाठी मऊ ब्रश घ्या आणि वारा ज्या दिशेने आहे त्याच दिशेने लांब ओढा. एकाच ढगात या दोन्ही कडा आल्या की तो जिवंत वाटू लागतो.

उजेडाबद्दल. तुमच्या गडावर ऊन समोरून पडलंय, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी आहे. मग ढगाला चंदेरी कड येणार नाही; ती सूर्य ढगाआड असतानाच येते. समोरून ऊन असलेला ढग जवळपास पांढराच दिसतो, सावल्या अगदी फिक्या. त्या सावल्यांसाठी काळा मिसळलेला करडा नको, वरच्या बाजूला आकाशाचा निळा घ्या आणि तळाशी तापलेल्या मातीचा किंचित तांबूस. शिवाय ढग ४० किलोमीटर लांब, मधे मे महिन्याची धूळ. लांबचा पांढरा पिवळसर होतो, लांबचा काळा निळसर होतो. तळाचा काळा रंग पुसाच.

ढग ओळखण्याबद्दलही विचारलंत. १८०२ साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान अभ्यासकाने ढगांना लॅटिन नावं दिली, त्यांतूनच आजचे दहा मुख्य प्रकार आले. सगळे पाठ करू नका. सुरुवातीला बोटांची कसोटी पुरे: क्षितिजापासून तीन मुठींहून वर असलेल्या ढगाचा एक पुंजका लांब हाताच्या एका बोटाआड झाकला तर सिरोक्युम्युलस, एक ते तीन बोटं लागली तर आल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा तर स्ट्रॅटोक्युम्युलस. आणि सूर्य आंधळ्या काचेमागे असल्यासारखा, जमिनीवर सावली नाही, असं मळभ म्हणजे आल्टोस्ट्रॅटस.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आकाशाचे अभ्यास रंगवले आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. तुम्हीही एकाच खिडकीतून दर अर्ध्या तासाने तळहाताएवढं चित्र करा, तीनच छटांत, आणि फाइलच्या नावात वेळ व वारा लिहा. फोटोत ढग वाढतोय की विरतोय हे कळत नाही, खिडकीत कळतं.

या चित्रात आता एवढं करा: ढग लहान करून मागे न्या, तळ गडाच्या खांद्यापाशी क्षितिजालगत ठेवा. पाऊस दाखवायचा तर उभ्या रेघा नकोत. मे महिन्यात तळाखालची हवा इतकी कोरडी असते की सरी पुष्कळदा जमिनीला टेकण्याआधीच विरतात. तळाखाली करडा पडदा सोडा, वर गडद, खाली फिका होत धुळीत मिसळणारा, वाऱ्याने जरासा कललेला.